वाचकांचे प्रश्न : जुन्या मोटारींचे मोनोग्राम आणि त्यांची नोंदवही

जुन्या मोटारींच्या बोनेटवरची, जाळीवरची आणि डिकीवरची धातूची चिन्हे जमवणाऱ्या वाचकांकडून या सदराकडे पत्रे येत आहेत. त्यांतील काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत. गॅरेजवाले आणि सुट्या भागांचे दुकानदार या चिन्हांना सरसकट ‘मोनोग्राम’ म्हणतात, म्हणून आम्हीही तोच शब्द वापरला आहे.

फोंड्याहून एक वाचक भगिनी विचारतात : माझे सासरे गोवा मुक्तीच्या आधीपासून टॅक्सी चालवत असत आणि पुढे त्यांनी छोटे गॅरेज काढले. मामंजींच्या माघारी माळ्यावर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. त्यात मर्सिडीजचा तारा, किल्ला आणि लांडगा असलेली एक ढाल, कड्यातून आरपार जाणारी विमानासारखी आकृती, फियाटचे व अ‍ॅम्बेसेडरचे मोनोग्राम आणि पुष्कळ सुटी अक्षरे व आकडे आहेत. यांची वर्गवारी कंपनीप्रमाणे करावी की वर्षाप्रमाणे?

उत्तर : वर्गवारीची घाई करू नये. डबा आज ज्या स्थितीत आहे, त्या स्थितीत त्याची वरून छायाचित्रे घ्यावीत, मग एकेक थर उचलत पुन्हा घ्यावीत. डब्यात जे एकमेकांना लागून पडलेले आहे ते पुष्कळदा एकाच गाडीवरून, एकाच दिवशी उतरवलेले असते. एकदा सगळे टेबलावर पसरून कंपनीवार ढीग केले की हा पुरावा कायमचा जातो आणि तो कोणत्याही पुस्तकातून परत मिळवता येत नाही.

त्यानंतर प्रत्येक वस्तूला क्रमांक द्यावा. संग्रहालयांत रूढ असलेली पद्धत घरीही उत्तम चालते : वस्तू संग्रहात आल्याचे वर्ष, त्या वर्षातील कितवी आवक (एका वेळी हाती आलेला ऐवज), आणि त्या आवकेतील कितवी वस्तू. डबा २०२५ मध्ये हाती आलेली पहिली आवक असेल, तर पहिल्या वस्तूचा क्रमांक २०२५.१.१ होईल. या क्रमांकात कंपनीचे नाव किंवा गाडीचे वर्ष गुंफण्याचा मोह टाळावा, कारण ओळख पुढे बदलू शकते आणि क्रमांक मात्र कधीच बदलता कामा नये. हे एवढे झाले की कंपनी, वर्ष, देश, धातू यांपैकी हवी ती वर्गवारी कागदावर करता येते; वस्तू हलवाव्या लागत नाहीत. नोंदी शिवलेल्या बांधणीच्या वहीत शाईने कराव्यात आणि त्याची प्रत संगणकावर ठेवावी. सुट्या पानांची फाईल वापरू नये, कारण पान गहाळ झाल्याचे लक्षातही येत नाही.

आपल्या डब्यातील ऐवज गोव्याच्या इतिहासाशी इतका घट्ट बांधलेला आहे की त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. १९५० च्या दशकात भारतात परदेशी मोटारींच्या आयातीवर कडक निर्बंध आले आणि रस्त्यावर प्रामुख्याने देशातच जुळवलेल्या व बनवलेल्या गाड्या दिसू लागल्या. पोर्तुगीज अमलाखालील गोव्याला हे निर्बंध लागू नव्हते; उलट लोहखनिजाच्या निर्यातीतून परकीय चलन येत होते आणि युरोपात बनलेल्या नव्या गाड्या जहाजाने थेट मुरगाव बंदरात उतरत होत्या. म्हणून मुंबईच्या संग्राहकाला सहजी न मिळणारे त्या दशकातील जर्मन मोनोग्राम फोंड्याच्या माळ्यावर सापडू शकतात. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यानंतर ही वाट बंद झाली आणि अ‍ॅम्बेसेडर व मुंबईत बनलेली फियाट येथेही आली. आपल्या डब्यात हे दोन्ही काळ एकत्र आहेत.

तारा बहुधा मर्सिडीज १८० किंवा १९० या गोलसर बांध्याच्या गाडीचा असावा. १८० हे मॉडेल १९५३ ते १९६२ या काळात बनत होते आणि त्याची डिझेलवर चालणारी १८० डी ही आवृत्ती १९५४ मध्ये आली. सुट्या आकड्यांत १, ८, ० आणि त्याच घडणीचे रोमन डी अक्षर सापडते का ते पाहावे. ताऱ्याच्या बुडाशी निळ्या मीनाकामाची गोल चकती असेल, तर तिच्यावर ताऱ्याभोवती पानांचा हार दिसेल. तारा डाइमलर कंपनीचा आणि लॉरेलच्या पानांचा हार बेंझ कंपनीचा. १९२६ मध्ये दोन्ही कंपन्या एकत्र आल्या तेव्हा ही चिन्हेही एकत्र झाली. लांडग्याची ढाल ही फोक्सवागेनच्या बीटल गाडीची आहे. ते वुल्फ्सबुर्ग शहराचे मानचिन्ह असून १९५१ ते १९६२ या काळात ते बोनेटवर बसवले जाई, म्हणजे आपल्याकडील ढाल गोवा मुक्तीच्या आधी आलेल्या गाडीची असण्याची शक्यता मोठी आहे. कड्यातून जाणारी आकृती विमानाची नसून झेपेलिन या हवाई जहाजाची असावी. ओपेलने १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ती वापरली आणि १९६० च्या दशकात तिची जागा वर्तुळातील विजेने घेतली.

फियाटच्या बाबतीत मात्र सावध राहावे. फियाट ११०० ही इटलीत बनलेली गाडीही गोव्यात आलेली असू शकते आणि १९६१ नंतर मुंबईच्या कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सने बनवलेली तिची भावंडेही येथे आली. १९७० च्या दशकात त्याच गाडीवरून फियाट हे नाव गेले आणि प्रीमियर पद्मिनी हे नाव आले. त्यामुळे केवळ ‘फियाट’ एवढेच वाचून इटालियन की भारतीय हे ठरवता येत नाही; मागच्या बाजूस ओतीव अक्षरांत भागाचा क्रमांक किंवा बनवणाऱ्याचे नाव आहे का, हे पाहिल्याशिवाय वहीत देश लिहू नये.

मागची बाजू हीच खरे तर या छंदातील सर्वांत बोलकी जागा आहे. मोनोग्राम उलटा करून खिडकीच्या उजेडात तिरका धरावा. कडेच्या आतल्या घडीत, मोनोग्राम पत्र्यावर बसवणाऱ्या खिळीच्या मुळाशी, बहुतेक वेळा रंगाची बारीक रेघ अडकलेली असते. तो गाडीच्या पत्र्याचा रंग असतो आणि कधी कधी एकाखाली एक दोन रंगही दिसतात : आत फिकट हिरवा आणि बाहेर काळा असेल, तर गाडी कधीतरी पुन्हा रंगवली गेली आणि रंगाऱ्याने मोनोग्राम न काढताच हात मारला, एवढे त्या रेघेवरून कळते. टॅक्सी झालेल्या खासगी गाडीची कथा अशा एका रेघेत मिळू शकते. म्हणून मागची बाजू घासू नये, खिळ्यांवर राहिलेल्या चिमट्या, नटबोल्ट किंवा रबराच्या पट्ट्या टाकून देऊ नयेत. त्या लहान पिशवीत घालून तोच क्रमांक द्यावा.

शेवटचे आणि सर्वांत तातडीचे काम माणसांकडे जाण्याचे आहे. मामंजींबरोबर काम केलेले मेस्त (मिस्त्री), त्यांच्या स्टँडवरचे चालक, घरातील वडीलधारी मंडळी यांना एकेक वस्तू हातात देऊन विचारावे आणि ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, तारखेसह लिहून घ्यावे. नोंदवहीत तीन रकाने वेगळे ठेवावेत : वस्तूवर प्रत्यक्ष दिसते ते, कोणी सांगितले ते, आणि आपण स्वतः काढलेला निष्कर्ष. ही सरमिसळ झालेल्या वह्या मी पाहिल्या आहेत आणि त्यांचा उपयोग पुढच्या माणसाला फारच थोडा होतो. ज्या मोनोग्रामची गाडी, मालक आणि उतरवण्याचे कारण ठाऊक आहे, तो गंजलेला असला तरी, कुठून आला हे कोणालाच माहीत नसलेल्या लखलखीत मोनोग्रामपेक्षा माझ्या मते कितीतरी मोलाचा आहे.

साखळीहून एक वाचक : आमच्याकडे समया आणि तांब्याची भांडी चिंचेने किंवा आमसुलाने घासतात आणि ती सोन्यासारखी निघतात. पितळी मोनोग्राम त्याच पद्धतीने साफ केले तर चालतील का?

उत्तर : चालणार नाही, आणि हे आग्रहाने सांगावेसे वाटते. चिंच आणि आमसूल या दोहोंतील आम्ल धातूवरचा काळा थर विरघळवते, म्हणून भांडे उजळते. भांडे जाड असते आणि ते दर सणाला घासायचेच असते. मोनोग्रामच्या पितळावरचा तोच थर मात्र त्याच्या वयाची खूण असतो. शिवाय पितळ हा तांबे आणि जस्ताचा मिश्रधातू असल्यामुळे आम्ल त्यातील जस्त आधी ओढून घेते आणि पृष्ठभागावर तांबूस डाग उरतात. ते डाग पुन्हा पिवळे होत नाहीत.

मीनाकाम असेल तर नुकसान अधिक. जुना मीना म्हणजे सुमारे ८०० अंश सेल्सियसच्या भट्टीत धातूवर वितळवलेली काच. आम्लाने तिची झळाळी मरते आणि केसासारखी तडा गेलेली असेल तर ओलावा आत शिरून काच धातूपासून सुटू लागते. त्याहून नाजूक प्रकार म्हणजे क्रोम दिलेले ओतीव जस्त. दुसऱ्या महायुद्धानंतरचे बहुसंख्य मोनोग्राम याच धातूचे आहेत. त्यांच्यावर पुरळासारखे जे फोड दिसतात, ते बाहेरून बसलेले नसून क्रोमच्या थराखाली जस्त फुगून वर आलेले असते. तेथे चिंच लावली तर ती फोडाच्या तोंडातून आत जाते आणि दिसत नसलेला भाग पोखरते.

मऊ कुंचल्याने धूळ काढावी. तेवढ्याने भागले नाही तर शुद्ध केलेल्या पाण्यात सौम्य साबणाचे दोन-चार थेंब घालून कापसाच्या बोळ्याने हलकेच पुसावे, लगेच कोरडे करावे आणि वरून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात द्यावा. बाजारात मिळणारे पितळी पॉलिशही वापरू नये. त्यातील बारीक खरखरीत भुकटी प्रत्येक वेळी अक्षरांच्या कडा झिजवते. १९५० नंतरच्या काही मोनोग्राममध्ये पारदर्शक प्लास्टिकखाली रंग भरलेले असतात. त्यांना स्पिरिट, थिनर किंवा पेट्रोल लागले तर आत जाळीसारख्या भेगा पडतात. पितळावर फिकट हिरवी भुकटी पुन्हा पुन्हा येत असेल, तर ती समुद्राच्या खाऱ्या हवेतील क्लोराइडची करामत असते. असा नग इतरांपासून लगेच वेगळा करून कोरड्या डब्यात ठेवावा.

पुन्हा क्रोम करून घ्यावे का, असेही आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. चालत्या गाडीवर बसवायचा असेल तर तो मालकाचा अधिकार आहे. संग्रहातील वस्तूसाठी मी नको म्हणेन, कारण नवे क्रोम देण्यापूर्वी कारागिराला जुना थर उतरवून खड्डे घासावे लागतात आणि त्यात अक्षरांची धार जाते.

मडगावहून एक वाचक : आजोबांच्या कपाटात ए.सी.पी. अशी अक्षरे असलेला एक मीनाकामाचा बिल्ला मिळाला. या नावाची मोटार कंपनी मला कोठेच सापडत नाही.

उत्तर : ती बहुधा मोटार कंपनी नसून पोर्तुगालचा ऑटोमोबाईल क्लब असावा. त्याची स्थापना १९०३ मध्ये झाली आणि सुरुवातीस त्याच्या नावात ‘राजेशाही’ अशा अर्थाचे विशेषण होते. १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये राजेशाही संपली, तेव्हा ते नावातून गेले. तेव्हा बिल्ल्यावर आरंभीचे आर अक्षर आहे का ते पाहावे. मुंबईत १९१९ मध्ये स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनसारख्या संस्थांचेही बिल्ले गाडीच्या पुढच्या जाळीवर लावले जात. अशा बिल्ल्यांवर अनेकदा सभासद क्रमांक ठोकलेला असतो आणि आजोबांच्या जुन्या पावत्यांत तोच क्रमांक सापडला, तर बिल्ला त्यांचाच होता हे सिद्ध होते. पावती आणि बिल्ला यांना एकत्र क्रमांक द्यावा व क्लबच्या बिल्ल्यांसाठी वहीत वेगळा विभाग ठेवावा.

म्हापशाहून एक वाचक : शुक्रवारच्या बाजारात आणि ओळखीच्या भंगारवाल्याकडे जुने म्हणून मोनोग्राम मिळतात. अस्सल आणि नक्कल कसे ओळखावे?

उत्तर : व्हर्नियर (मिलिमीटरचे दशांशही मोजणारी पट्टी), सोनार वापरतात तसा लहान काटा आणि दहापट दाखवणारे भिंग ही तीन साधने जवळ ठेवावीत.

नक्कल करणारा सहसा अस्सल मोनोग्रामचाच साचा घेतो. ओतलेला धातू थंड होताना आकसतो. पितळ साधारण दीड टक्क्याने, जस्त थोडे कमी. म्हणजे ८० मिलिमीटर लांबीच्या अस्सल पितळी मोनोग्रामवरून ओतलेली नक्कल ७९ मिलिमीटरच्या आतबाहेर भरते. डोळ्यांना हा फरक जाणवत नाही, व्हर्नियरला जाणवतो. म्हणूनच नोंदवहीत ‘सुमारे ८ सेंटिमीटर’ असे कधीही लिहू नये. लांबी, रुंदी, जाडी, खिळ्यांमधील अंतर आणि वजन नेमके लिहावे. असे आकडे वेगवेगळ्या संग्राहकांनी एकमेकांना कळवले, तर नकली माल बाजारात टिकणे कठीण होईल.

भिंगाखाली अक्षरांच्या आतल्या कोपऱ्यांकडे पाहावे. नकलेत ते गोलसर आणि मेणचट दिसतात. कारखान्यात यंत्राने ओतलेल्या जस्ताच्या मागे साच्यातून ढकलून काढणाऱ्या दांड्यांच्या लहान गोल खुणा असतात, तर वाळूच्या साच्यातील नकलेची पाठ दाणेदार असते. भट्टीतला मीना धातूच्या कडांशी सपाट असतो आणि त्यात सुईच्या टोकाएवढे बुडबुडे दिसतात. नकलेत मीन्याऐवजी भरलेला रेझिनचा रंग किंचित फुगलेला किंवा खोलगट राहतो आणि त्याची चमक प्लास्टिकसारखी असते. तापलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये, त्याने अस्सल वस्तूही बिघडते. नक्कल घेतली गेली तरी ती टाकू नये. ‘नक्कल’ असे स्पष्ट लिहून वहीत घ्यावी; तुलनेसाठी तिचा उपयोग होतो.

वास्कोहून एक वाचक : आमचे घर समुद्राजवळ आहे. पावसाळ्यात मोनोग्राम कशात ठेवावेत?

उत्तर : झाकण घट्ट बसणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यात सिलिका जेलच्या पिशव्यांसह ठेवावेत आणि आत आर्द्रता दाखवणारा छोटा मापक ठेवावा. आकडा ४५ टक्क्यांच्या वर गेला की जेल सुमारे १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरावे. प्लायवूड आणि एमडीएफच्या (लाकडाच्या भुशापासून दाबून केलेल्या फळ्यांच्या) कपाटातून आम्लयुक्त वाफा सुटतात व जस्ताला त्या मारक ठरतात, म्हणून रंगवलेले लोखंडी कपाट बरे. वर्तमानपत्राचा कागद, रबरबँड, पीव्हीसीच्या पिशव्या आणि डांबरगोळ्या यांपैकी काहीही डब्यात नको.

पेडण्याहून एक वाचक : गावात काजूच्या झाडांखाली एक जुनी बीटल वर्षानुवर्षे सडत पडली आहे. मालक वारले आहेत. त्यांचा पुतण्या म्हणतो, मोनोग्राम घेऊन जा. नाहीतर तो कोणीतरी चोरूनच नेईल. घ्यावा का?

उत्तर : आपली कळकळ समजते, तरीही पुतण्याच्या एका शब्दावर घेऊ नये. गोव्यात मृताच्या मालमत्तेची वाटणी २०१२ च्या उत्तराधिकार व इन्व्हेंटरी कायद्यानुसार होते आणि ती होईपर्यंत ती गाडी सगळ्या वारसांची एकत्रित असते. सर्व वारसांची लेखी संमती असेल, तर तिची प्रत मोनोग्रामच्या नोंदीला जोडावी. संमती नसेल तर मोनोग्राम जागेवरच राहू द्यावा.

गाडीचाही विचार करावा. केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते व तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. सडलेली दिसणारी बीटल उद्या कोणी उभी करायला घेतली, तर तिच्या अंगावरचा प्रत्येक मूळ भाग मोलाचा ठरेल. उतरवलेला मोनोग्राम त्या गाडीपासून तुटलेला असतो, आणि बसलेला मोनोग्राम अजून तिच्याबद्दल काहीतरी सांगत असतो.

तोपर्यंत आपल्याला करण्यासारखे बरेच आहे. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, शेजारी मोजपट्टी धरून समोरून व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. पातळ कागद मोनोग्रामवर धरून मऊ पेन्सिलीने ठसा घ्यावा, मात्र मीना किंवा रंग सुटत असेल तर तो भाग सोडावा. बोनेट उघडत असेल तर चासी क्रमांक टिपून घ्यावा, कारण त्यावरून गाडी बनल्याचे वर्ष काढता येते. पुतण्याला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना ही गाडी कोणी, कधी आणि कोठून आणली ते विचारावे. या सगळ्याला आपल्या वहीत स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि ‘वस्तू गाडीवरच आहे’ असा शेरा लिहून त्याखाली पाहणीची तारीख टाकावी. पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा जाऊन त्याच कोनातून छायाचित्र घ्यावे, म्हणजे झीज किती वाढली हे वारसांना दाखवता येईल आणि त्यांनी गाडीवर निदान ताडपत्री तरी घालावी, अशी विनंती करायला आपल्याजवळ पुरावा असेल.